आधी हात, मग फर्मा: ओल्या कातड्यातून घडवलेले दागिने

कोल्हापूरच्या सुभाषनगरात एका चप्पल करणाऱ्या मामांकडे मी पहिल्यांदा गेले तेव्हा काखेत स्केचबुक होतं. मनगटात घालायच्या रुंद कड्याचं चित्र काढून नेलं होतं. मापं, बाण, बाजूने दृश्य, वरून दृश्य, सगळं काही. मामांनी वही एकदा उलटी, एकदा सुलटी धरून पाहिली, बाजूला ठेवली आणि घमेल्यातल्या पाण्यातून कातड्याचा एक तुकडा काढून माझ्या हातात दिला. "हे पिळा बघू आधी. मग सांगा काय करायचंय ते."

मी पिळला. तो पिळलेलाच राहिला.

वहीतलं कडं मी आजतागायत केलेलं नाही. त्या पिळ्याचा मात्र ब्रोच झाला आणि तो अजून माझ्या शबनमवर आहे. तेव्हापासून माझा क्रम उलटा झालाय. आधी ओलं कातडं हातात घ्यायचं, त्याच्याशी खेळायचं, आवडलेला आकार वाळू द्यायचा आणि मग त्यावरून फर्मा, म्हणजे कापायचा कागदी नमुना, काढायचा. कागदावर सुरुवात केली की आपण कातड्याला कापडासारखं किंवा पुठ्ठ्यासारखं वागवतो. कातडं ताणतं, आकसतं, एका बाजूला जास्त वाकतं, दुसऱ्या बाजूला हटून बसतं. या गोष्टी पेन्सिलीला कळत नाहीत.

कुठलं कातडं

सगळा खेळ एका गोष्टीवर अवलंबून आहे: कातडं कशाने कमावलंय. कोल्हापुरी चपलेचं पारंपरिक कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावतात. या झाडपाल्यातलं टॅनिन कातड्याच्या तंतूंमध्ये जाऊन बसतं. असं कातडं भिजलं की तंतू सैल होऊन एकमेकांवरून सरकतात आणि पाणी निघून गेलं की असतील तिथेच थांबतात. म्हणून पीळ पिळाच राहतो. व्यापारी याला 'व्हेज टॅन' म्हणतात.

बाजारातल्या बहुतेक पर्स, जॅकेटं आणि बुटांचं कातडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. ते मऊ असतं, पाण्याला दाद देत नाही, पण वाकवून सोडलं की पुन्हा सरळ होतं. या कामासाठी ते निरुपयोगी. हौसेने महागडं क्रोम कातडं आणून आठवडाभर झगडणारे लोक मला भेटलेत, आणि मग दोष चिमट्यांना, पाण्याला, स्वतःच्या हातांना. दुखणं रेड्याला, डाग पखालीला!

ओळखायचं कसं? वरच्या गुळगुळीत बाजूवर पाण्याचा थेंब टाका. झाडपाल्याचं कातडं तो पिऊन टाकतं आणि तिथे गडद डाग पडतो. क्रोमवर किंवा रंगाचा थर दिलेल्या कातड्यावर थेंब तसाच बसून राहतो. कापलेली कड पाहा: झाडपाल्याची आतून तपकिरी-गव्हाळ, क्रोमची बऱ्याचदा निळसर-करडी. तरीही शंका असेल तर बोटाच्या पेराएवढी चिंधी चिमट्यात धरून उघड्यावर जाळा. क्रोमची राख हिरवट दिसते. दुकानदाराला विचारल्याशिवाय दुकानात हा प्रयोग करू नये, हे वेगळं सांगायला नको.

मुंबईत धारावीच्या लेदरच्या दुकानांतून 'कोरं, न रंगवलेलं व्हेज टॅन' असं स्पष्ट मागा. नुसतं 'ओरिजिनल लेदर' म्हटलंत तर समोर क्रोमच येईल, आणि तेही ओरिजिनलच असतं. तमिळनाडूत तयार होणारं ई. आय. (ईस्ट इंडिया) लेदरही झाडपाल्याचंच, शेळी-मेंढीचं पातळ कातडं त्यात चांगलं मिळतं. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे जाड मालात जास्त करून म्हशीचं कातडं दिसतं. त्याचा पोत जरा खरखरीत असतो, पण शिल्पासारख्या आकारांवर तो खरखरीतपणाच शोभतो, असं माझं मत.

कातडं चौरस फुटावर विकतात. पहिल्या खरेदीला पाठीचा महाग, घट्ट भाग घेऊ नका. पोटाचा भाग मागा. चप्पलवाले, पट्टेवाले तो टाळतात कारण तो वेडावाकडा ताणतो. आपल्याला नेमकं तेच हवंय, शिवाय स्वस्तात मिळतं. जाडी दीड ते दोन मिलिमीटर. घड्या, कळ्या घालायच्या तर शेळीचं एक मिलिमीटरही चालेल. अडीचच्या वर गेलात की बोटं दुखायला लागतात.

पाणी

साधं, खोलीच्या तापमानाचं किंवा कोमट पाणी. गरम नको; गरम पाण्याची वेगळीच गंमत आहे, ती पुढे.

तुकडा पाण्यात सोडला की बारीक बुडबुडे येतात. ते थांबले की बाहेर काढा आणि जुन्या टॉवेलने टिपून घ्या. या अवस्थेत कातडं भिजलेल्या पापडासारखं लोळतं. पिळायला, खेचायला, चुण्या घालायला हीच वेळ. पण ठसा उमटवायचा असेल, किंवा एखादी घडी धारदार हवी असेल, तर थांबा. तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून काही तास, शक्यतो रात्रभर ठेवा म्हणजे ओल सगळीकडे सारखी मुरेल. बाहेर काढल्यावर वरचा रंग हळूहळू उजळत मूळ रंगाकडे जायला लागतो. गालाला लावून पाहा. रंग जवळपास कोरडा आणि स्पर्श मात्र थंडगार लागला, की नखाची रेघसुद्धा उमटते.

या दोन अवस्थांमधला फरक वाचून कळत नाही. म्हणून पुढचा अभ्यास.

दहा तुकडे

तळहाताएवढे, साधारण १० बाय १० सेंटिमीटरचे दहा तुकडे कापा. चौकोन काटेकोर नसले तरी चालतील. कापण्याआधी एक काम मात्र करा, ते नंतर फार उपयोगी पडतं: मागच्या खरखरीत बाजूवर बॉलपेनने एक-एक सेंटिमीटरच्या उभ्या-आडव्या रेघा मारा, गणिताच्या वहीसारख्या. कातडं कुठे ताणलं आणि कुठे दाबलं गेलं ते या चौकोनांवरून नंतर वाचता येतं.

आता एका बैठकीत दहाही तुकडे. प्रत्येकाला पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ नाही. घड्याळ लावा, नाहीतर तिसऱ्या तुकड्यातच कलाकृती करायला बसाल.

एक पिळा, आणि तो सुटू नये म्हणून दोन्ही टोकं दोऱ्याने बांधा. एकाला मोदकासारख्या कळ्या पाडा. एकाला साडीच्या निऱ्यांसारखं पुढे-मागे दुमडा. एक सरळ मुठीत चुरगाळा आणि तसाच रबरबँडने आवळून ठेवा. एकावर रापीने (चांभाराच्या चपट्या सुरीने) समांतर चिरा द्या आणि दोन्ही बाजूंनी ओढा, जाळी उघडते. प्रत्येक चिरेच्या दोन्ही टोकांना आधी बारीक गोल भोक पाडायला विसरू नका, त्याशिवाय ओढताना चीर पुढे फाटत जाते. एकाला मधोमध चीर देऊन त्याचंच टोक त्या चिरेतून आरपार ओवा. हा माझा आवडता, कारण काय होईल ते दर वेळी वेगळं. एक नदीतल्या गोट्यावर ताणून बांधा. उरलेले तीन तुमचे. मी सांगणार नाही.

सगळे सावलीत, हवेशीर जागी वाळवा. उन्हात किंवा हेअर ड्रायरपुढे घाईने वाळवलेलं कातडं कडक होऊन तडकतं. उन्हाळ्यात पुण्याला एक दिवस पुरतो. पावसाळ्यात कोकणात तीन दिवस धरा, आणि पंखा लांबून लावा. पांढुरकी बुरशी दिसली तर निम्मं पाणी घातलेल्या व्हिनेगरने पुसून काढा.

वाळलेले दहा तुकडे दोन दिवस डोळ्यांसमोर असू द्या. स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर, आरशापाशी. मग कानाशी, गळ्याशी, मनगटाशी, पदरावर धरून पाहा. टेबलावर देखणा दिसणारा आकार अंगावर गेल्यावर मेलेल्या पाकोळीसारखा दिसू शकतो, आणि चुरगाळलेला बोळा खांद्यावर एकदम उठतो. निवड अंगावर करा, टेबलावर नाही.

कळ्यांचं कडं

पहिली पूर्ण वस्तू म्हणून मी सगळ्यांना हेच सुचवते, कारण उकडीचे मोदक ज्याने एकदा तरी केलेत त्याच्या बोटांना निम्मं काम आधीच येतं.

मनगटाचा घेर १६ सेंटिमीटर धरू. घालायला तीन सेंटिमीटरची फट हवी, म्हणजे उरले १३; थोडं सैलही हवं म्हणून एक जादा, म्हणजे आतली लांबी १४. प्रत्येक कळी अर्धा सेंटिमीटर उंच, म्हणजे ती एक सेंटिमीटर कातडं खाते. नऊ कळ्या म्हणजे नऊ सेंटिमीटर. चौदा आणि नऊ तेवीस, वर चुकायला दोन. तर दीड मिलिमीटर जाडीची २५ बाय ६ सेंटिमीटरची पट्टी घ्या, चांगली भिजवा, टिपा.

पट्टी आडवी धरा. खालच्या कडेला अंगठा आणि तर्जनीने चिमूट घ्या आणि कळी वर खेचत न्या, पण वरच्या कडेला पोचेपर्यंत ती विरून जाऊ द्या. मोदकाची पारी मिटताना कळ्या वर एकत्र येतात आणि खाली विरतात. इथे तेच, फक्त उलटं. पहिली कळी हमखास जाड येते. तिसरीपासून हात बसतो. कळ्यांमधलं अंतर मोजू नका. मोजून घातलेल्या कळ्या यंत्राच्या वाटतात. डोळ्याच्या अंदाजाने घातलेल्यांत एखादी जवळ, एखादी लांब पडते आणि कड्याला चाल येते. दोन्ही टोकांना दोन-दोन सेंटिमीटर सपाट सोडा.

कळ्या घातलेली कड आखूड होते, दुसरी लांबच राहते, त्यामुळे पट्टी आपोआप घंटेच्या फुलासारखी वळायला लागते. अरुंद कड मनगटाशी, पसरट कड कोपराच्या दिशेने. आता ती मनगटाच्या जाडीच्या कशावर तरी गुंडाळायची. माझ्याकडे आजीचा वरवंटा आहे. त्याला सुती फडकं गुंडाळलं की तो मनगटासारखा जरा चपटगोल होतो आणि फडकं आतून पाणीही शोषतं. बाटली गोल पडते, मनगट गोल नसतं.

कळ्यांना कपड्यांचे लाकडी चिमटे लावा, पण चिमट्याखाली कातड्याची चिंधी ठेवा, नाहीतर दातांचे ठसे कायमचे. तासाभराने चिमटे काढून प्रत्येक कळी पुन्हा एकदा चिमटीत दाबा. याच वेळी ती खरी बसते. मग चिमटे परत लावून रात्रभर सोडून द्या.

कडकपणा

नुसतं वाळलेलं कडं घालण्याइतकं ताठ होतं. आणखी हवं असेल तर दोन वाटा. सोपी: आतल्या खरखरीत बाजूला पांढरा डिंक समप्रमाणात पाणी घालून ब्रशने लावणे. दुसरी म्हणजे गरम पाणी. झाडपाल्याने कमावलेलं कातडं साधारण ७० ते ८५ अंशांच्या दरम्यान एकदम आकसतं आणि वाळल्यावर लाकडासारखं टणक होतं. पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे दिसायला लागले की आच बंद करा, ओला तुकडा सांडशीने सेकंद-दोन सेकंद बुडवा आणि काढा. तो डोळ्यांदेखत गोळा होतो. जास्त ठेवलात तर बिस्किटासारखा मोडेल. मी एकदा पूर्ण झालेलं कडं बुडवलं, फोन वाजला, आणि बाहेर निघालं ते बाहुलीच्या हातात बसेल असं. किती सेकंदांत किती आकसतं ते आधी चिंध्यांवर पाहा. अशा आकसलेल्या चिंध्यांची कानातली मात्र अप्रतिम होतात, अगदी वाळक्या शेंगांसारखी.

पोकळ आकार

तेला-तुपाचे बुधले एके काळी कातड्याचे असत. बिकानेरला उंटाच्या कातड्याच्या कुप्प्या अजून करतात: भिजवलेलं कातडं मातीच्या साच्यावर चढवायचं, वाळलं की माती फोडून झाडून टाकायची, आणि वर तिथल्या उस्ता कारागिरांची सोनेरी नक्षी. इटलीत पादोव्याला आम्लेतो सार्तोरी यांनी विसाव्या शतकात कातडी मुखवट्यांची विस्मरणात गेलेली कला पुन्हा उभी केली, ती लाकडात कोरलेल्या साच्यावर ओलं कातडं ठोकून. तिथे साचा आधी ठरलेला असतो. आपण साच्याशिवायही पोकळ आकार मिळवू शकतो, वाळूने.

पेरूएवढ्या आकाराचे दोन तुकडे घ्या, एकसारखे पण हवे तसे वेडेवाकडे. कडेने आरीने भोकं पाडून मेण लावलेल्या दोऱ्याने, दोन सुयांनी शिवा. वर दोन बोटं जाईल एवढं तोंड सोडा. पिशवी भिजवा आणि नरसाळ्याने कोरडी बारीक वाळू भरत लाटण्याच्या टोकाने ठेचत राहा. पिशवी फुगते, शिवण ताणते, एखादी बाजू पोटाच्या कातड्यामुळे जास्त सुटते आणि गणपतीच्या पोटासारखी पुढे येते. दाबून बसवू नका तिला. दोन-तीन दिवसांनी वाळू ओता. गळ्यात घालायचा बटवा तयार. कुणाचाच दुसऱ्यासारखा होत नाही.

उलगडून फर्मा

एखादा आकार इतका आवडला की पुन्हा करावासा वाटला, तर मागच्या रेघा कामाला येतात. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. मग तो तुकडा पुन्हा भिजवा आणि हलक्या हाताने सपाट करा. गरम पाणी, डिंक किंवा मेण लागलेलं नसेल तर तो बराचसा उलगडतो. चौकोन जिथे लांबट झालेत तिथे कातडं ताणलंय. जिथे रेघा वाकल्यात तिथे तुमच्या बोटांनी घडी घातली. हे ट्रेसिंग पेपरवर उतरवा, घड्यांवर बाण करा आणि कुठली घडी आधी, कुठली नंतर याचे आकडे टाका. क्रम चुकला तर तोच फर्मा वापरूनही तो आकार येत नाही. आवडलेला तुकडा मोडायचा जिवावर येतं, म्हणून मी हल्ली खेळतानाच शेजारी फोन उभा करून व्हिडिओ लावून ठेवते.

काळे डाग

सुरुवातीला लाकडी चिमटे संपले म्हणून मी एका कॉलरला फाईलचे लोखंडी चिमटे लावले. सकाळी पाहिलं तर प्रत्येक चिमट्याखाली शाई सांडल्यासारखा काळा डाग. ओलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळा रंग तयार होतो. जुनी शाईसुद्धा याच रसायनाची. ओल्या कातड्याजवळ म्हणूनच पितळेचं किंवा स्टेनलेस स्टीलचंच सामान हवं. पुसट डाग असेल तर लिंबाच्या रसाने बराच उतरतो. माझे उतरले नाहीत. मग मी मुद्दाम आणखी चिमटे लावले आणि कॉलरभर काळ्या टिकल्यांची रांग केली. ती पहिल्याच दिवशी विकली गेली.

हाच डाग मुद्दाम हवा असेल तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भांडी घासायच्या लोखंडी तारेचा गोळा आठवडाभर ठेवा. झाकण सैल असू द्या, आतून वायू निघतो. गाळून ब्रशने लावलं की कातडं काही मिनिटांत काळं पडतं, आणि तो काळा रंग हातांना लागत नाही, कारण तो वरून बसलेला थर नसतो. नंतर लिटरभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्याने पुसा, वाळवा आणि तेलाचा हात द्या. हे सगळं मेण लावायच्या आधी.

कडा, मेण, आणि पावसात

कच्ची कड ठेवली तर सगळी मेहनत हौशी वाटते. बारीक पॉलिश पेपर, आधी २२० नंबरचा मग ४००चा, कडेवर फिरवा. रात्रभर भिजवलेल्या डिंक कतिऱ्याचं पातळ पाणी बोटाने लावा आणि जीन्सच्या तुकड्याने जोरात घासा. उष्णतेने तंतू दबून कड काचेसारखी चमकते. कळ्यांच्या आतल्या कडांपर्यंत कापड पोचत नाही, त्या गुंडाळलेल्या कागदाच्या काडीने घासा. शेवटी मधमाश्यांचं मेण आणि खोबरेल तेल वितळवून, गार करून, फडक्याने पातळ हात. तेल जास्त झालं तर कडं लोळेल.

आणि जूनमध्ये भिजलंच, कळ्या सैल पडल्या, तर घाबरू नका. फुलपात्रातल्या पाण्यात पूर्ण बुडवा, कळ्या एकेक करून चिमटीत दाबा आणि फडकं गुंडाळलेल्या वरवंट्यावर रात्रभर ठेवा. या वेळी मधलीच एखादी कळी जरा तिरकी बसेल. माझ्या कड्यात ती चौथी आहे.